टाके मोजून बरोबर, मुंढा मात्र कमरेपाशी

प्रकरण वडगावातल्या एका घरातलं. वस्तू म्हणजे क्रोशाचं कार्डिगन: समोरून उघडं, गळ्यापासून खाली विणत आणलेलं, रॅग्लन बाह्यांचं (म्हणजे बाही गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली), सुती दोऱ्याचं. विणणाऱ्या काकूंचा हात उभ्या बेळगावात कुणाला ऐकणार नाही, पण तो हात तोरणं, ताटावरचे रुमाल, देव्हाऱ्यापुढचे पडदे यांवर बसलेला. अंगात घालायचं म्हणून त्यांनी आजवर टोपडी आणि पायमोजेच केले होते. कार्डिगन पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीसाठी होतं. ती दिवसभर एसीत बसते म्हणून लोकर नको, सुती हवं असं तिनंच सांगितलेलं. नमुना इंग्रजीतला, विकत घेतलेला. तो धाकट्या सुनेनं वहीत मराठीत उतरवून दिला आणि काकूंनी वहीवरून विणला.

लेक सणाला घरी आली, तेव्हा योक, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतचा भाग, पूर्ण होऊन बाह्यांचे टाके वेगळे झाले होते आणि खालचा घेर थोडा उतरला होता. अंगावर चढवल्यावर छाती बरोबर बसली. गळाही बरा होता. पण मुंढा काखेच्या खूप खाली, जवळजवळ कमरेपाशी आला होता आणि हात वर केला की अख्खं कार्डिगन हाताबरोबर वर येत होतं. शिवाय पुढच्या दोन्ही कडा आत वळून वर खेचल्या गेल्या होत्या, त्यामुळे पाठ लांब आणि पुढा आखूड दिसत होता.

काकूंचं म्हणणं एकच होतं, "टाके मोजून बघ की गं. एक जरी कमी निघाला तर सांग."

मोजले. एकही कमी नव्हता, एकही जास्त नव्हता. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. तोरणात टाके जुळले की काम जुळलं, कारण तोरण दोन बोटं मोठं झालं म्हणून दार काही तक्रार करत नाही. अंगावरच्या कपड्यात टाक्यांचा हिशेब बरोबर असूनही कपडा चुकतो, आणि तो चुकलाय हे टाके मोजून कधीच कळत नाही. तिथे टेपच काढावी लागते.

टेप लावली तेव्हा हे दिसलं. गळ्यापासून काखेपर्यंत नमुन्यात १६ ओळी होत्या, काकूंच्याही १६. नमुन्याच्या हिशेबानं त्या १६ ओळींची उंची २० सेंटिमीटर भरायला हवी. पाठीच्या मधोमध उभी टेप धरली तर भरली ३२. पुढच्या कडेला तेवढ्याच १६ ओळींचे भरले २६. आडवं माप मात्र नमुन्यात सांगितल्याप्रमाणे, १० सेंटिमीटरला १४ टाके.

म्हणजे टाका रुंदीला बरोबर आणि उंचीला भलताच लांब. सुई चुकली असती तर दोन्हीकडे फरक पडला असता. तरी सुईची शंका आधी फेडून घेतली, कारण तिथे एक जुना सापळा आहे. घराघरांत पडलेल्या जुन्या सुयांवर ब्रिटिश क्रमांक असतात आणि त्यात ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची. अमेरिकन क्रमांकात तीच ८ म्हणजे ५ मिलिमीटर. दोघींचा आठ वेगळा, आणि ब्रिटिश क्रमांक वाढेल तशी सुई बारीक होते तर अमेरिकन वाढेल तशी जाड. सूनबाईंनी इथे शहाणपणा केला होता, नंबर न बघता ५ मिलिमीटरचीच सुई मागून घेतली होती. सुई निर्दोष.

मग टाक्याकडे वळले. भिंगाची गरज नव्हती, डोळ्यांनीच दिसत होतं. एका खांबाच्या, म्हणजे क्रोशाच्या उभ्या टाक्याच्या, अंगावर तिरके वळसे मोजले तर दोन निघाले. नेहमीचा खांब घालताना आपण सुईवर एकदा दोरा घेतो, टाक्यात सुई घालून दोरा ओढतो आणि दोन-दोन करून दोनदा सोडतो. त्यात तिरका वळसा एकच दिसतो. इथे दोन दिसत होते, म्हणजे सुईवर दोनदा दोरा घेऊन तीनदा सोडलेला लांब खांब होता. काकूंनी अख्खा योक लांब खांबांत विणला होता.

वही उघडली. सूनबाईंनी लिहिलं होतं: "ट्रेबल = लांब खांब." त्यांचं चुकलंही म्हणता येत नाही. त्या मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकल्या, त्यातले बहुतेक अमेरिकन, आणि अमेरिकेत ट्रेबल म्हणजे लांब खांबच. पण नमुना इंग्लंडचा होता. ब्रिटिश पद्धतीत आपल्या मुक्या खांबाला, म्हणजे बुटक्या टाक्याला, डबल क्रोशे म्हणतात, अर्ध्या खांबाला हाफ ट्रेबल, खांबाला ट्रेबल आणि लांब खांबाला डबल ट्रेबल. अमेरिकन पद्धतीत हेच चार टाके अनुक्रमे सिंगल, हाफ डबल, डबल आणि ट्रेबल. सगळी शिडीच एका पायरीनं सरकलेली. म्हणून नुसतं "डबल" किंवा "ट्रेबल" वाचून टाका ठरवू नये, नमुना कुठला आहे ते आधी बघावं.

ते बघायच्या खुणा नमुन्यातच असतात. "सिंगल क्रोशे" हे शब्द कुठेही आले तर नमुना अमेरिकन, कारण ब्रिटिश नमुन्यात तो टाका त्या नावानं येतच नाही. मापाच्या तुकड्याला "टेन्शन" म्हटलं असेल आणि टाका सोडायला "मिस" लिहिलं असेल तर बहुधा ब्रिटिश. "गेज" आणि "स्किप" असेल तर अमेरिकन. आमच्या नमुन्यात टेन्शनही होतं आणि मिसही.

पण माझा सगळ्यात जास्त भरवसा ओळ वळवतानाच्या साखळ्यांवर. नावं बदलतील, साखळ्या खोटं बोलत नाहीत. मुक्या खांबाची ओळ सुरू करायला १ साखळी लागते, अर्ध्या खांबाला २, खांबाला ३, लांब खांबाला ४. साखळ्यांची उंची त्या ओळीच्या टाक्याएवढी व्हायला हवी, एवढंच त्यामागचं कारण. या नमुन्यात प्रत्येक ओळीला "३ साखळ्या घालून वळा" असं होतं. तीन साखळ्या म्हणजे खांब, मग वर इंग्रजीत काहीही लिहिलेलं असो.

पुढच्या कडा खेचल्या गेल्याचं कोडंही इथेच सुटलं. काकूंनी साखळ्या तीनच घातल्या, कारण वहीत तीन लिहिल्या होत्या. आणि शेजारी उभे केले चार साखळ्यांच्या उंचीचे खांब. प्रत्येक ओळीच्या टोकाला कड बुटकी, मधलं अंग उंच. सोळा ओळींत तो फरक साचत जाऊन पाठ ३२ आणि कड २६ झाली. म्हणजे दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं. काकूंना कडेचं आधीपासून खटकत होतं. "धुतल्यावर बसेल म्हटलं," त्या म्हणाल्या. सहा सेंटिमीटर धुऊन बसत नाहीत.

उसवायचं ठरलं. सूनबाईंचा जीव वर-खाली झाला. काकूंचा नाही, उसवण्याचं त्यांना काहीच वाटत नाही. विणकराचं घर असल्यामुळे पुढचं कामही सोपं गेलं. उसवलेल्या दोऱ्याला लहरी येतात आणि तसाच पुन्हा विणला तर टाके कमी-जास्त दिसतात. काकांनी माळ्यावरचा फाळका, म्हणजे सूत गुंडाळायची चौकट, काढून त्यावर दोऱ्याच्या लडी केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या, पाण्यात भिजवून वाळत टाकल्या आणि खाली हलकंसं वजन अडकवलं. वाळल्यावर दोरा नव्यासारखा सरळ झाला. ज्यांच्या घरी फाळका नाही त्यांनी खुर्चीच्या पाठीला गुंडाळावं, तेवढंच चालतं.

खरा खांब कोणता हे कळलं, आता वहीवरून पुन्हा विणायला हरकत नाही, असं दोघींचं मत होतं. मी आधी माप बघायला छोटा नमुना तुकडा विणून मागितला. काकू नाराज झाल्या. चाळीस वर्षांच्या हाताला तुकडा विणून दाखवायला सांगणं म्हणजे अपमानच की. तरी विणला: ५ मिलिमीटर सुई, साधे खांब, माप नीट घेता येईल एवढा. धुतला, चिमटे लावून दोरीवर टांगून वाळवला. सुती दोऱ्याचा तुकडा टांगूनच वाळवावा असा माझा आग्रह असतो, कारण सुती कपडा अंगावर स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. लोकरीसारखा परत आवळून येत नाही. पसरून वाळवलेला तुकडा जे सांगत नाही ते टांगलेला सांगतो.

माप आलं: १० सेंटिमीटरला १४ टाके, अगदी नमुन्याप्रमाणे. ओळी मात्र ७. नमुन्यात ८ होत्या.

एका ओळीचा फरक. ऐकायला काहीच नाही. पण योक १६ ओळींचा आहे, आणि ७ ला १० सेंटिमीटर या दरानं १६ ओळी २२.९ सेंटिमीटर होतात. मुंढा जवळजवळ ३ सेंटिमीटर खाली. शिंप्याच्या दुकानात मुंढा तीन सेंटिमीटर खाली कापला तर काय ऐकावं लागेल ते सांगायला नको.

काकूंची ओळ उंच का येते ते त्यांच्या हाताकडे नुसतं बघत बसल्यावर कळतं. टाक्यात सुई घालून दोरा ओढला की त्या सुई जराशी वर उचलतात. तो पहिला वेढा जेवढा उंच ओढाल, खांब तेवढा उंच. कुणी तो वेढा खाली दाबून घेतं, कुणी जिथल्या तिथे ठेवतं, कुणी उचलतं. आणि रुंदीवर त्याचा जवळपास परिणाम होत नाही, ती सुईच्या जाडीवर जाते.

सूनबाईंनी लगेच उपाय काढला: सुई बारीक घ्यायची. बहुतेक जणी हेच करतात आणि इथेच फसतात. ४.५ च्या सुईनं तुकडा विणून बघितला. ओळी साडेसात झाल्या खऱ्या, पण टाकेही १५ झाले. घेराला १४० टाके आहेत. १४ च्या दरानं त्यांचा घेर १०० सेंटिमीटर होतो आणि १५ च्या दरानं ९३. लेकीची छाती ९२. म्हणजे मुंढा अर्धवट सुधारला असता आणि कार्डिगन अंगाला चिकटलं असतं.

या टप्प्यावर काका मध्ये बोलले. आयुष्यभर खड्डामागावर शहापुरी साडी विणलेला माणूस. ते म्हणाले, "रुंदी फणी ठरवते, लांबी हात ठरवतो." मागावर उभे धागे फणीत अडकलेले असतात, तिथे विणकराचं काही चालत नाही, पण आडवे धागे इंचाला किती बसतील ते ठोका किती जोरात यावर जातं, म्हणून साडीचा पोत तपासताना ते भिंग लावून आडवेच धागे मोजायचे. फणी म्हणजे इथली सुई आणि ठोका म्हणजे काकूंचा तो वेढा उचलणं. काकूंना माझं अर्ध्या तासाचं आकडेमोडीचं पुराण पटलं नव्हतं, ते या एका वाक्यात पटलं.

आता काकूंना "वेढा उचलू नका" असं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही आणि कुणी सांगावं असं मला वाटतही नाही. इतक्या वर्षांची सवय एका कार्डिगनपुरती मोडत नाही. दोन ओळी आठवणीनं घट्ट येतात, तिसरीपासून हात मूळपदावर, आणि मग एकाच कपड्यात दोन उंचीच्या ओळी दिसतात. त्यापेक्षा हात आहे तसा ठेवून आकडे बदलावेत.

आकडे असे बदलले. नमुना गळ्याला ८४ टाक्यांनी सुरू होतो: पाठीला ३२, पुढच्या दोन भागांना १६-१६, बाह्यांना १०-१०. कोपऱ्यातली, म्हणजे बाही अंगाला मिळते तिथली, साखळी यात धरायची नाही. प्रत्येक ओळीत चार कोपऱ्यांवर दोन-दोन टाके वाढतात, म्हणजे ओळीला ८. त्यातले ४ पाठ आणि पुढा मिळून जातात, प्रत्येक बाहीला २. सोळा ओळींनंतर पाठ-पुढा मिळून ६४ अधिक ६४, म्हणजे १२८ होतात. काखेखाली दोन्हीकडे ६-६ साखळ्या घातल्या की १४०.

आपल्याला मुंढा २० सेंटिमीटर हवा. काकूंच्या हातानं २० सेंटिमीटरला १४ ओळी. चौदा ओळींनंतर पाठ-पुढा ६४ अधिक ५६, म्हणजे १२०. घेराला ८ टाके कमी पडतात. ते काखेखाली भरून काढायचे: ६ ऐवजी १० साखळ्या दोन्हीकडे. १२० आणि २०, झाले १४०. बाहीचंही बघून घ्यायचं, नाहीतर दंडात आवळते. नमुन्यात १० अधिक ३२ म्हणजे ४२, त्यात काखेचे ६, एकूण ४८. आपल्याकडे १० अधिक २८ म्हणजे ३८, त्यात काखेचे १०, तेही ४८. दंडघेर ३४ सेंटिमीटर, नमुन्यातल्याइतकाच. ओळी जेवढ्या कमी केल्या त्याच्या दुप्पट टाके प्रत्येक काखेत घातले की छाती आणि दंड दोन्ही जागच्या जागी राहतात. रॅग्लनच्या या साध्या वाढीत हा हिशेब नेहमी जुळतो. मात्र पाच-सहा ओळींचा फरक असेल तर काखेत एवढी पट्टी बरी दिसत नाही, तेव्हा मधल्या काही ओळींत वाढ बदलावी लागते. इथे दोनच ओळी होत्या, निभावलं.

खालच्या घेराला नमुन्यात २८ ओळी होत्या. तिथे ओळी वाचायच्याच नाहीत. २८ ओळी म्हणजे नमुन्याच्या हिशेबानं ३५ सेंटिमीटर. काकूंच्या हातानं त्याच ४० झाल्या असत्या. आम्ही २४ ठेवल्या, म्हणजे ३४ सेंटिमीटर आणि वर थोडंसं. उरलेलं अंतर सुती दोरा आपणहून उतरून भरतो.

वहीचं पानही नव्यानं लिहिलं. नमुन्यात सगळ्या मापांचे आकडे ओळीनं कंसात दिलेले असतात, आणि पहिल्या खेपेला सूनबाईंनी ते सगळेच उतरवले होते. आता फक्त आपल्या मापाचे ठेवले आणि ओळींच्या पुढे सेंटिमीटर लिहिले.

दुसऱ्या खेपेचं विणकाम सुरळीत झालं. काखेत मात्र नेहमीची भोकं पडली. बाही सुरू करताना काखेच्या दहा टाक्यांच्या दोन्ही टोकांना, जिथे साखळी योकला मिळते, तिथे दोरा ताणला जाऊन बोट जाईल एवढी फट राहते. नमुन्यांत याबद्दल बहुतेकदा एक अक्षर नसतं. दोन्ही टोकांना एकेक जादा टाका त्या फटीतून उचलायचा आणि पुढच्याच ओळीत तो शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र करून मिटवायचा. टाके ४८ चे ४८ राहतात, फट बुजते. काकू नंतर सुईदोऱ्यानं शिवून टाकणार होत्या. शिवलेलं चालतं, पण काखेत टोचतं.

पुढच्या पट्टीला काकूंनी आपल्या अनुभवानं प्रत्येक ओळीच्या टोकाला तीन मुके खांब घातले, तोरणाच्या कडेला घालतात तसे, आणि पट्टीला झालर आली. ओळीची उंची १.४३ सेंटिमीटर आणि टाक्याची रुंदी ०.७१, म्हणजे ओळीला दोनच बसतात. दोन केले, सुई ४.५ ची घेतली, पट्टी सरळ उभी राहिली. पट्टी किंचित ओढलेली बरी, सैल पट्टी बटणं लावल्यावर तोंड वासते.

धुऊन वाळल्यावर मुंढा भरला २० सेंटिमीटरला किंचित जास्त, घेर १००, पाठ आणि पुढची कड सारखी. लेकीनं हात वर करून बघितला, कार्डिगन खाली राहिलं. बाह्या तिनं कोपराखाली चार बोटांवर थांबवायला सांगितल्या. काकूंना मनगटापर्यंत हव्या होत्या आणि त्यावरून मायलेकींत जे झालं ते या लेखाच्या कक्षेत येत नाही.

आता सूनबाईंना तोच नमुना स्वतःसाठी विणायचा आहे. त्यांच्या हाताचा तुकडा आम्ही मापला: १० सेंटिमीटरला १४ टाके आणि ८ ओळी, नमुन्याप्रमाणे. काकूंसाठी केलेलं वहीचं पान त्यांच्या उपयोगाचं नाही. त्यांना मूळच्याच १६ ओळी आणि काखेत ६ साखळ्या घ्याव्या लागतील.